आठ हजार माहितीपटांत आपला माणूस शोधायचा कसा?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत माहितीपटांवर आलेला लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे. आजची तरुण मुलं कॅमेरा घेऊन गावोगाव फिरतात, त्यांचं त्यांनी केलेलं कौतुकही मला मान्य आहे. फक्त एक विधान खटकलं. पूर्वी मुख्य सिनेमाच्या आधी दाखवले जाणारे सरकारी लघुपट कुणीच बघत नसे, लोक तेवढ्यात बाहेर जाऊन चहा-विडी उरकत, असं त्यांनी सरसकट लिहून टाकलं आहे. मी कराडच्या एका थिएटरात ऑपरेटर होतो, थिएटर बंद पडेपर्यंत. मशीनरूमच्या चौकोनी झरोक्यातून पडद्याइतकंच खालचं पब्लिकही दिसतं. बाल्कनीतले लोक उशिरा येत, हे खरं. थर्ड क्लास मात्र पहिल्या घंटेलाच भरलेला असे. तिथला माणूस तिकिटाचा पैसा वसूल करायला बसलेला असायचा आणि पडदा उजळल्यापासून जे येईल ते सगळं बघायचा.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो. केंद्र सरकारने 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजन सुरू केलं. त्याचं कार्यालय मुंबईत पेडर रोडला. प्रत्येक खेळाला सिनेमाआधी मान्यता मिळालेला लघुपट किंवा वार्तापट दाखवायचाच, अशी अट थिएटरच्या लायसन्समध्येच असायची. लांबी 2000 फुटांच्या आत. 35 एमएमची 1000 फूट फिल्म चालायला 11 मिनिटं लागतात, म्हणजे जास्तीत जास्त 20-22 मिनिटांचा मामला, आणि आमच्याकडे बहुतेक वेळा एकच रीळ यायचं. त्याचं भाडं मालकाला भरावं लागे, आठवड्याच्या उत्पन्नाच्या साधारण एक टक्का, आणि त्यावरून मालकांची कुरकुर कायम चाले. देशातल्या प्रमुख भाषांत या फिल्म डब होऊन जात, आमच्याकडे मराठी निवेदनाची प्रिंट यायची. मोठ्या शहरांत फिरून झाल्यावर ती तालुक्याला पोचे. त्यामुळे वार्तापटातली बातमी शिळी झालेली असे आणि फिल्मवर रेघाच रेघा उमटलेल्या असत. जोड निसटलेले असत ते मी आधी बसून नीट करायचो, कारण कार्बनच्या दिव्यापुढे फिल्म तुटून अडकली तर ती करपून वितळायला वेळ लागत नाही.

त्या रिळांत धरणं, कालवे आणि फिती कापणारे पुढारी होतेच. आणीबाणीत तर त्यांचा उघड उघड प्रचारासाठी वापर झाला, त्याचं समर्थन कुणी करू नये. पण त्याच पेट्यांमधून आसामचे चहामळे आमच्या गावात आले. केरळात काथ्या वळणाऱ्या बायका आल्या, मणिपूरचे हातमाग आले, हिमाचलमधले मेंढपाळ आले. कच्छच्या रणातल्या मिठागरांची एक फिल्म मला आठवते. वाफे करायचे, त्यात पाणी सोडायचं, दंताळ्याने ओढत राहायचं, आणि पाणी आटलं की मीठ हाती लागतं. उसाला पाणी पाजण्यात जन्म गेलेले आमचे कृष्णाकाठचे शेतकरी दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर त्या मिठाबद्दल बोलत होते. पाळीचं पाणी त्यांना कोण देतं, उन्हात पायाला काय बांधतात, पोरं शाळेत कुठं जातात, असले प्रश्न. पंढरपूर आणि मुंबई यापलीकडे ज्यांनी काही पाहिलं नव्हतं, त्यांनी गुजरातच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या माणसाच्या पायांची काळजी केली. या देशात वेगवेगळी माणसं राहतात हे शाळेच्या पुस्तकात आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. ती कशी राहतात, काय खातात, कशावर बसतात, हे आम्हाला त्या 11 मिनिटांनी दाखवलं.

सगळ्याच फिल्म या तोडीच्या नव्हत्या. प्रत्येक राज्याचा एक नाच आणि एक फेटा दाखवून विविधतेत एकता सांगणाऱ्या कितीतरी आल्या आणि गेल्या. त्यांतली एकही आज माझ्या लक्षात नाही. लक्षात राहिल्या त्या एका घरात, एका माणसापाशी थांबणाऱ्या. अलीकडे नातीने यूट्यूबवर जुन्या फिल्म लावून दिल्या, तेव्हा हे पुन्हा पटलं. फली बिलिमोरिया यांची 1968 ची 'द हाऊस दॅट आनंद बिल्ट' पाहिली. ओडिशातल्या नागापूर गावचा आनंद नावाचा शेतकरी, त्याचं घर, त्याची शिकून बाहेर पडलेली मुलं. एवढाच विषय, आणि ही फिल्म ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. एस. एन. एस. शास्त्री यांची 1967 ची 'आय अ‍ॅम 20' पाहिली. देश स्वतंत्र झाला तेव्हा जन्मलेली आणि आता विशीत आलेली देशभरातली मुलंमुली त्यात बोलतात. कुणाला अभिमान आहे, कुणाला वैताग आहे, आणि सरकारी पैशातून काढलेल्या फिल्ममध्ये तो वैताग तसाच ठेवला आहे. त्याच वर्षीची एस. सुखदेव यांची 'इंडिया 67' तर निवेदनाचा एक शब्द न वापरता देश फिरवून आणते. सत्यजित राय यांनी तिचं कौतुक केलं ते त्यातल्या बारीकसारीक गोष्टींसाठी. तापलेल्या वाळूवरून चालणारा काळा किडा आणि वाजवणाऱ्या माणसाच्या नाकाच्या शेंड्यावर लोंबणारा घामाचा थेंब त्यांच्या लक्षात राहिला होता.

आता ज्या कारणासाठी हे पत्र लिहितो आहे ते सांगतो.

मुंबईची गोदी आणि मशीद बंदरची गोदामं यांवरचा एक काळा-पांढरा लघुपट आमच्याकडे आला होता. पाटण तालुक्यातली माणसं तिथं हमालीला किती होती, आजही त्यांची मुलं माथाडीत किती आहेत, हे सातारा जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. त्यांच्यासाठी 1969 मध्ये माथाडी कायदा झाला, ही फिल्म त्याच्या आगेमागेची. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून चढणाऱ्या हमालांची रांग कॅमेऱ्यासमोरून जाते, एवढंच ते दृश्य. पहिल्या दिवशी संध्याकाळच्या खेळाला ते दृश्य आलं आणि थर्ड क्लासमध्ये बायकांच्या बाजूला एकदम गलका झाला. मला वाटलं कुणाला फिट आली. डोअरकीपर बॅटरी घेऊन धावला. एक बाई उभी राहून पडद्याकडे हात करत होती. रांगेतला एक माणूस तिचा नवरा होता. तो गोदीतच छातीच्या दुखण्याने गेला होता, आणि त्याला जाऊन वर्ष उलटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. सोबत पाच-सहा वर्षांचा मुलगा. तिकीट काढलं, लघुपट पाहिला आणि मुख्य सिनेमा सुरू होताच मुलाला घेऊन बाहेर पडली. तिसऱ्या दिवशीही तेच. मग मालकांनी डोअरकीपरला सांगितलं, तिच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. गुरुवारी शेवटचा खेळ झाला की पेटी परत जाणार होती, हे मीच तिला सांगितलं. तेव्हा तिने विचारलं, "दादा, तेवढा तुकडा कापून देता का?"

पडद्यावर तो माणूस तीन सेकंद दिसत होता. फिल्मच्या हिशेबात साडेचार फूट, 72 फ्रेम. रीळ सरकारी, त्यातला तुकडा कापणं माझ्या हातात नव्हतं. मी तिला मशीनरूममध्ये बोलावलं, रिवाइंडरवर रीळ हाताने फिरवत ती जागा काढली आणि फिल्म बल्बसमोर धरली. अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकोनात पोत्याखाली वाकलेला माणूस. तिला आधी कळेना कुठं बघायचं. मी पेन्सिलीचं टोक लावून दाखवलं. तिने मुलाला उचलून घेतलं आणि त्यालाही दाखवलं. मुलगा म्हणाला, "तोंड दिसत नाही." खरंच, त्या फ्रेममध्ये तोंड पोत्याच्या सावलीत गेलं होतं. मग मी रीळ थोडं पुढे घेतलं, तो मान वर करतो तिथपर्यंत.

तो मुलगा आज साठी ओलांडलेला आहे. बाजार मुंबईतून वाशीला गेला तेव्हा तोही तिकडे गेला, त्याच मार्केटमध्ये काम करून निवृत्त झाला. त्याची आई आता नाही. त्याच्या घरात वडिलांचा एकही फोटो नाही, आणि वर्षातून एकदा तरी तो मला फोन करून विचारतो, ती फिल्म कुठं मिळेल का. मी चौकशी केली. जिथं विचारलं तिथं माणसं नीट बोलली, पण सगळीकडे पहिला प्रश्न तोच, शीर्षक काय आणि साल कोणतं. ते मला आठवत नाही. दर शुक्रवारी नवं रीळ यायचं आणि आधीचं जायचं, त्यांची नावं कोण लिहून ठेवणार? फिल्म्स डिव्हिजनच्या संग्रहात आठ हजारांहून जास्त फिल्म आहेत. त्यात गोदी, हमाल, मशीद बंदर असं शोधायला गेलं तर माझ्यासारख्याला काही हाती लागत नाही. यूट्यूबवर ज्या आहेत त्या बहुतेक हिंदी नाहीतर इंग्रजी निवेदनाच्या. आम्ही लोकांना ऐकवलेलं मराठी निवेदन कुठं आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.

फिल्म्स डिव्हिजन आता वेगळं राहिलेलं नाही. मार्च 2022 मध्ये ते, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि बालचित्र समिती या सगळ्यांचं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झालं. त्या वेळी चित्रपटसृष्टीतल्या अनेकांनी काळजी व्यक्त केली होती, संग्रहाचं काय होणार म्हणून. खराब झालेल्या जुन्या फिल्म दुरुस्त करून डिजिटल करण्याचं काम सरकारने हाती घेतलं आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. आमच्या थिएटरच्या मागच्या खोलीत पडलेले फिल्मचे तुकडे शेवटी भंगारवाल्याने किलोवर नेले. काळ्या-पांढऱ्या फिल्ममधून चांदी निघते म्हणून तिला भाव असे. तसं राष्ट्रीय संग्रहाचं होणार नाही, एवढा विश्वास मला आहे. पण डिजिटल करताना फिल्मच्या चित्राइतकीच काळजी आणखी एका गोष्टीची घ्यायला हवी. ती कुठल्या गावात काढली, कुठल्या महिन्यात, आणि पडद्यावर दिसतात ती माणसं कोण, याची नोंद व्हायला हवी.

हे होऊ शकतं. 1899 मध्ये सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने टिपलेला तो पहिला असा प्रसंग मानला जातो. कुस्ती कुणाची होती? पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची. सव्वाशे वर्षं झाली तरी ही नावं पुस्तकांत आहेत. 1901 मध्ये सावेदादांनीच केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागत टिपलं, ते तर मोठे गृहस्थ होते, पण कृष्णा न्हावीसुद्धा विसरला गेला नाही. मग साठ-सत्तर वर्षांनंतर, पगारी कर्मचारी आणि कचेऱ्या असताना काढलेल्या फिल्ममध्ये 'एक शेतकरी', 'एक मजूर', 'एक आदिवासी स्त्री' एवढीच ओळख का उरावी? नागापूरच्या आनंदचं नाव फिल्मच्याच शीर्षकात आहे म्हणून तो टिकला. बाकीच्यांची नावं चित्रीकरणाच्या दिवशी कुणीतरी विचारलीही असतील, पण ती फिल्मपर्यंत पोचली नाहीत.

ती भरून काढण्याचा मार्ग गावांतूनच जातो. महामंडळाने तालुकावार यादी करावी. महाराष्ट्रात चित्रित झालेले लघुपट आधी घ्यावेत, आणि ज्या गावात काढले त्या गावात जाऊन, ग्रामपंचायतीच्या सभागृहात नाहीतर शाळेच्या भिंतीवर, ते दाखवावेत. आज प्रोजेक्टर दप्तरात मावतो. आमच्या वेळी टुरिंग टॉकीजवाले पुसेगावच्या यात्रेला ट्रकमधून तंबू, मशीन आणि जनरेटर घेऊन येत, त्या मानाने आता काहीच कष्ट नाहीत. दाखवताना एक माणूस वही घेऊन बसवावा. म्हातारी माणसं बोलतील. ही आमची विहीर, हा पाटलांचा बैल, ही माझी आत्या. ऐंशीच्या पुढची माणसं आहेत तोवरच हे होईल. आणखी दहा वर्षांनी वही घेऊन गेलं तरी ओळखणारं कुणी नसेल. म्हणून हे काम फिल्मच्या दुरुस्तीसाठी थांबवून ठेवू नये. साधी, डागाळलेली प्रत घेऊन गेलात तरी लोक ओळखतात, मी ओळखताना पाहिलं आहे.

शाळांबद्दलही सांगायचं आहे. 'एक अनेक और एकता' ही 1974 ची अ‍ॅनिमेशन फिल्म दूरदर्शनमुळे एका अख्ख्या पिढीला पाठ आहे, तिच्यामागे विजया मुळे या मराठी बाईंचं डोकं होतं आणि ती भीमसेन खुराना यांनी केली. मुलांना हे गाणं आजही ऐकवतात, ऐकवावंच. त्याच्या जोडीला आठवड्यातून एक दिवस मिठागराची, हातमागाची, चहामळ्याची 11 मिनिटं मराठी निवेदनासह दाखवली, तर भूगोलाच्या मास्तरांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. मल्टिप्लेक्समध्ये सिनेमाआधी जाहिरातींचा मारा किती वेळ चालतो ते आपण सगळे सोसतोच. त्यातली दहा मिनिटं यासाठी काढायला काय हरकत आहे? सक्ती नको, पूर्वीच्या सक्तीमुळेच मालक मंडळी या फिल्मवर रागावली. सवलत देऊन बघा.

राहिली आजची तरुण मुलं. पुण्यात सुमित्रा भावे यांनी 1985 मध्ये 'बाई' हा लघुपट केला, झोपडपट्टीतल्या एका बाईच्या आयुष्यावर. त्या मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक, सिनेमाचं शिक्षण नव्हतं, पण माणसांमध्ये बसून त्यांनी काम केलं आणि तेही दाखवायला परत त्याच माणसांकडे नेलं. 2023 मध्ये 'द एलिफंट व्हिस्परर्स' या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. ती नातीने मला लॅपटॉपवर दाखवली. तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात हत्ती सांभाळणारे बोम्मन आणि बेल्ली आता जगाला नावानिशी ठाऊक आहेत, त्यांच्या हत्तीच्या पिल्लाचं रघू हे नावसुद्धा. माणूस नावाने ओळखला की त्याचं जंगल, त्याची भाषा, त्याचं जेवण आपोआप आपलंसं वाटायला लागतं. म्हणून माझी या मुलांना विनंती आहे. कुणाच्या घरात शिरून त्यांचा दिवस टिपाल, तेव्हा त्यांना आधी नीट विचारा, घरातल्या सगळ्यांची नावं फिल्मच्या शेवटी मोठ्या अक्षरांत लिहा, गाव आणि तारीख लिहा, आणि फिल्म झाली की एक प्रत त्या घरी पोचवा. मुंबईत 1990 पासून माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव होतो, व्ही. शांताराम यांच्या नावाने तिथं जीवनगौरव दिला जातो. तिथं जाण्याआधी फिल्म त्या घरात दाखवली गेली पाहिजे.

शेवटी आपल्या वाचकांकडे एक मागणं. गोदीतल्या हमालांवरची ती काळी-पांढरी फिल्म कुणाला शीर्षकानिशी आठवत असेल, फिल्म्स डिव्हिजनमध्ये काम केलेल्या कुणाच्या जुन्या डायरीत, वेळापत्रकात किंवा कॅमेऱ्याच्या नोंदीत मशीद बंदरचं चित्रीकरण लिहिलेलं असेल, किंवा माझ्यासारख्या एखाद्या जुन्या ऑपरेटरने पेटीवरची चिठ्ठी जपून ठेवली असेल, तर कृपा करून आपल्या वृत्तपत्रामार्फत कळवावं. फिल्म साधारण एका रिळाची आहे, निवेदन पुरुषाच्या आवाजात. हमालांची रांग पहिल्या अर्ध्या भागात येते. फळीवरून चढणाऱ्यांतला तिसरा माणूस वर पोचल्यावर मान उचलून कॅमेऱ्याकडे बघतो.

आपला,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर
कराड, जि. सातारा